लाँग आयलंडवरचे ‘जखमी’ कॅडेट

शुक्रवार

सिव्हिल एअर पेट्रोलची व्हॅन चालवायला कोणी मोठं माणूस मिळालं नाही की माझा नंबर लागतो. लेक कॅडेट झाली तेव्हा मी फक्त सोडायला-आणायला जायचो. मग ‘मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं हवीत’ या नियमापोटी त्यांनी मलाही सभासद करून घेतलं. गणवेश आहे, हुद्दा नाही. गणवेशात असताना लेक मला ‘सर’ म्हणते. ही सवय घरी टिकत नाही.

ही संस्था म्हणजे अमेरिकन हवाई दलाची नागरी सहायक शाखा. 1 डिसेंबर 1941 ला, पर्ल हार्बरच्या जेमतेम आठवडाभर आधी सुरू झाली. कॅडेट विभाग पुढच्याच वर्षी आला. बाराव्या वर्षापासून मुलांना घेतात. आपल्या एनसीसीचीच चुलत बहीण म्हणा ना. सांगलीला कॉलेजात मी एनसीसीत होतो. ब्रासो लावून पितळी बक्कल घासायचं, परेड करायची आणि शेवटी मिळणाऱ्या सामोशावर डोळा ठेवायचा, एवढंच माझं योगदान. इथली पोरंही बूट चकाकवतात, पण त्यांच्यापुढे एक खरं काम असतं. देशाच्या जमिनीवर विमान बेपत्ता झालं की फ्लोरिडातल्या टिंडल तळावरच्या हवाई दलाच्या बचाव समन्वय केंद्रातून सूत्रं हलतात, आणि शोधाचं बहुतेक काम सिव्हिल एअर पेट्रोलकडे येतं. प्रशिक्षण पुरं केलेला पंधरा-सोळा वर्षांचा कॅडेट जमिनीवरच्या शोध पथकात जाऊ शकतो.

या वेळची मोहीम लाँग आयलंडच्या पूर्व टोकाकडे, वेस्टहॅम्प्टन बीचजवळच्या गॅब्रेस्की तळावर होती. न्यूयॉर्क एअर नॅशनल गार्डची, म्हणजे राज्याच्या अर्धवेळ हवाई फौजेची, 106वी रेस्क्यू विंग तिथे असते. शत्रूच्या हद्दीत पडलेल्या वैमानिकाला उचलून आणणं, म्हणजे कॉम्बॅट रेस्क्यू, हा यांचा धंदा. महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी गार्डचे लोक सरावाला जमतात, आणि त्यांना खोटे जखमी हवे होते. कॅडेट त्यासाठी तयारच असतात. शाळेला दांडी मारून जमिनीवर लोळायचं आणि त्याला प्रशिक्षण म्हणायचं, आणखी काय हवं!

न्यू जर्सीतल्या एडिसनहून दुपारी निघालो. गोथल्स ब्रिज, स्टेटन आयलंड, व्हेराझानो इथवर ठीक चाललं होतं. पुढे लाँग आयलंड एक्सप्रेसवेवर जी कोंडी लागली तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बायकोने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी क्वीन्समध्येच संपली.

वाटेत गार्डन सिटीचं क्रेडल ऑफ एव्हिएशन संग्रहालय घाईघाईत पाहिलं. सगळ्यांची गर्दी अपोलो मोहिमांसाठीच्या चांद्रयानाभोवती. ग्रमन कंपनीने इथून जवळच, बेथपेजला बांधलेल्या यानांपैकी हे एक. ते चंद्रावर जायचं राहून गेलं. याच ग्रमनने ‘अल्बाट्रॉस’ नावाचं पाण्यावर उतरणारं विमान केलं होतं. कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांत समुद्रात पडलेले कित्येक वैमानिक त्याने उचलले. चंद्राच्या मानाने पाण्यातून माणूस उचलणं मुलांना फिकं वाटलं. त्यांचा दोष नाही, मलाही पंधराव्या वर्षी तसंच वाटलं असतं.

मुक्काम रिव्हरहेडजवळच्या इंडियन आयलंड पार्कात, तंबूंत. रात्री आमच्या स्क्वाड्रनच्या एका म्हाताऱ्या सभासदाने जुनी गोष्ट काढली. 1942 मध्ये जर्मन पाणबुड्या या किनाऱ्यासमोर तेलाची जहाजं बुडवत होत्या आणि नौदलाकडे विमानं कमी होती. तेव्हा सिव्हिल एअर पेट्रोलच्या हौशी वैमानिकांनी आपापली छोटी विमानं समुद्रावर नेली. किनाऱ्यावर एकूण 21 तळ होते, त्यांतला सतरावा इथे सफोक परगण्यात. एकच इंजिन, ते बंद पडलं की विमान थेट पाण्यात. दीड वर्षात 90 विमानं गेली. पाण्यात पडून जिवंत परतलेल्याला ‘डक क्लब’चं सभासदत्व आणि गणवेशावर लावायला लाल बदकाचा बिल्ला मिळे. बुडालेल्या जहाजांतले आणि विमानांतले 363 लोक या मंडळींनी शोधून काढले. ‘तो बिल्ला आता कुठे मिळेल?’ एका कॅडेटने विचारलं. कसा मिळवायचा ते त्याला नीट ऐकू आलं नसावं.

शनिवार

सकाळी सातला गेटवर. ओळखपत्रं, यादी, पुन्हा यादी. फोटो कुठे काढायचे आणि कुठे नाही याची तंबी.

गॅब्रेस्की हे नाव फ्रान्सिस गॅब्रेस्की या लढाऊ वैमानिकाचं. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आकाशात त्याने 28 विमानं पाडली. पाडणाऱ्याच्या नावाच्या तळावर पडलेल्यांना उचलणारे राहतात, याची तिथे कोणालाच गंमत वाटत नाही. 1975 पासून हे युनिट बचावाचं काम करतं. त्याची तीन अंगं आहेत: एचएच-60 हेलिकॉप्टरं, त्यांना हवेत इंधन पाजणारी एचसी-130 विमानं आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप ते पॅरारेस्क्यूमन, म्हणजे ‘पीजे’. पीजे पॅराशूटने उतरतो, पाण्यात बुडी मारतो, कडे चढतो, आणि शिवाय पक्का पॅरामेडिक असतो. घडायला दोनेक वर्षं लागतात आणि बहुतेक जण मध्येच गळतात.

आमच्या वाट्याला आलेला पीजे चाळिशीचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला, अगदी हळू बोलणारा. मुलांना सिनेमातला कोणीतरी अपेक्षित होता. त्याने पहिला तासभर पाठपिशवी उघडून दाखवली. रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा, म्हणजे टूर्निके कुठे, जखमेत कोंबायचं गॉझ कुठे, छातीच्या भोकावर चिकटवायचा पडदा कुठे. मग दिवे घालवले आणि म्हणाला, ‘आता गॉझ काढा.’ पोरांनी कात्री काढली, बॅटरी काढली, एकाने त्याचं चॉकलेट काढलं. त्याने स्वतः हात घातला तो थेट गॉझवर. ‘पिशवी भरणं हेच माझं निम्मं काम,’ तो म्हणाला. अंधारात, थंडीने बोटं बधिर झालेली असताना, हेलिकॉप्टरच्या आवाजात कोणाला काही विचारायची सोय नसते. म्हणून प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, आणि त्या पथकातल्या सगळ्यांच्या पिशव्यांत तीच. दुसऱ्याच्या पिशवीतही हात तिथेच जायला हवा.

त्यानंतर कार्डं वाटली. खाली पडलेला माणूस खरंच आपला आहे, की शत्रूने त्याचा रेडिओ घेऊन लावलेला सापळा, हे हेलिकॉप्टर खाली आणण्याआधी कळावं लागतं. त्यासाठी वैमानिक मोहिमेवर जाण्याआधी स्वतःबद्दलच्या काही खासगी गोष्टी आणि एक चार आकडी क्रमांक लिहून ठेवतात. बोटांच्या ठशांसारख्याच या गोष्टी, फक्त रेडिओवर विचारता येणाऱ्या. कॅडेटांनाही तसं लिहायला सांगितलं: घरच्यांशिवाय कोणाला ठाऊक नसेल आणि कुठे ऑनलाइन सापडणार नाही असं काहीतरी. लेकीने काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

मग मेकअप. सिलिकॉनच्या जखमा, पाकातलं लाल रक्त. लेकीच्या डाव्या मांडीला भळभळती जखम मिळाली आणि ती भलतीच खूश झाली. दुसऱ्या एकाला नुसताच ‘घाबरलेला, सुन्न’ हा रोल मिळाला, म्हणून तो खट्टू.

अकराच्या आत त्यांना तळाच्या कडेच्या रानात सोडलं. हे पाइन बॅरन्स: रेताड जमीन, खुरटे पिच पाइन आणि त्यांच्या खाली दाट झुडपं. ही झाडं वणव्याचीच सोबती. यांतल्या काहींची फळं आगीच्या धगीशिवाय उघडत नाहीत. 1995 च्या ऑगस्टमध्ये इथे मोठा वणवा लागला होता आणि त्यावर पुन्हा हेच रान उगवलं. इथला खरा शत्रू म्हणजे गोचीड. लाइम रोगाची भीती असल्याने सगळ्यांच्या विजारी मोज्यांत खोचलेल्या आणि कपड्यांवर औषध मारलेलं.

मी आणि दुसरे पालक एका टेकाडाशी बसून राहिलो. तास गेला, काहीच नाही. मुलं झुडपांत पडून कंटाळली. रेडिओवरून एक मुलगा विचारत होता, ‘सर, मी अजून जखमी आहे का?’ शेजारच्या सार्जंटने सांगितलं की हा उशीर मुद्दाम आहे. पडलेल्याला वाट बघावीच लागते, आणि वाट बघताना माणूस काय काय मूर्खपणा करतो ते त्याला आधीच कळलेलं बरं. उठून उभा राहतो, सिग्नलचा आरसा फार लवकर काढतो, रेडिओची बॅटरी संपवतो. आमच्यातल्या एका पोराने तिन्ही गोष्टी केल्या.

शेवटी रेडिओ खरखरला. वरून पायलट लेकीला विचारत होता, ‘तुझी आजी कॉलेजला शिकवायला कशावरून जायची?’

‘लुना.’

थोडा वेळ शांतता. मग, ‘चंद्रावरून?’

‘मोपेड, सर. लुना. एल-यू-एन-ए.’

माझी आई सांगलीत वीस वर्षं लुनावरून हिंडली. अटलांटिकच्या काठावर एका लष्करी पायलटने तिचं वाहन तपासून घ्यावं, याचं तिला फोनवर सांगितलं तेव्हा फारसं काही वाटलं नाही. ‘पेट्रोल परवडायचं तिला,’ एवढंच म्हणाली.

हेलिकॉप्टर आधी जाणवलं, मग दिसलं. पाइनच्या शेंड्यांवरून आडवं आलं आणि खाली वाळूचा लोट उठला. टोप्या आधीच काढून खिशात कोंबायला लावल्या होत्या, कारण उडालेली टोपी पंख्यात गेली तर सगळ्यांचाच निकाल. दोरावरून दोन पीजे उतरले. त्यांतला एक आमचाच सकाळचा, गुडघ्याला पट्टा असलेला. रानात शिरल्यावर तो धावला नाही. चालत गेला, प्रत्येकाशी दोन वाक्यं बोलत. कोण ओरडतंय याकडे त्याचं लक्ष नव्हतं, कोण ओरडत नाही ते तो शोधत होता. ‘सुन्न’वाला पोरगा त्याला सगळ्यात आधी सापडला.

लेकीच्या मांडीवर टूर्निके चढला. दांडी फिरवली तशी ती खरंच किंचाळली. तो घट्ट नसेल तर निरुपयोगी, त्यामुळे सरावातही थोडा दुखतोच. मग त्याने मार्कर काढला आणि तिच्या कपाळावर ‘टी’ काढून पुढे वेळ लिहिली. पुढच्या डॉक्टरला पांघरूण काढायच्या आधीच कळावं, की टूर्निके आहे आणि कधीपासून आहे.

मुलांना वर ओढायचं नव्हतं. त्या कामाला माणसाच्या वजनाचा पुतळा होता. होइस्टचा, म्हणजे हेलिकॉप्टरमधून माणूस वर ओढायच्या यंत्राचा, हुक खाली आला तेव्हा पीजे मागे सरकून उभा राहिला. हुक जमिनीला टेकू दिला, मगच हात लावला. हवेत घुसळणाऱ्या पंख्यामुळे हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते आणि हुकाला पहिला शिवणारा तिचा झटका खातो. झटका अशासाठी जमिनीला द्यायचा. पुतळ्याच्या स्ट्रेचरला खालून एक बारीक दोरी बांधली आणि ती दुसऱ्या पीजेने धरून ठेवली, नाहीतर वाऱ्याच्या झोतात स्ट्रेचर भोवऱ्यासारखं गरगरतं. दारात गुडघ्यावर बसून होइस्ट चालवणारी बाई खाली बघत सतत बोलत होती. पायलटला पोटाखालचं काही दिसत नाही. ती म्हणेल तेवढंच तो सरकतो: तीन फूट उजवीकडे, दोन, एक, थांब.

दुपारी हँगरमध्ये सँडविच खाताना मी भारतातला आहे हे कळल्यावर त्या पीजेने विचारलं, ‘मग आमची सुरुवात तुमच्याकडची आहे हे ठाऊक आहे ना?’ मला नव्हतं. 2 ऑगस्ट 1943 ला आसामातल्या चाबुआहून चीनकडे निघालेलं सी-46 विमान भारत-ब्रह्मदेश सरहद्दीवरच्या नागा टेकड्यांत कोसळलं. वीस जण पॅराशूटने उतरून वाचले, पण काही जखमी होते आणि तिथे पोचायला रस्ता नव्हता. तेव्हा लेफ्टनंट कर्नल डॉन फ्लिकिंजर नावाच्या लष्करी डॉक्टरने दोन सहायकांना घेऊन थेट त्यांच्यात उडी टाकली. बरी झालेली सगळी मंडळी मग टेकड्या तुडवत पायी बाहेर आली. पॅरारेस्क्यूवाले आपली वंशावळ या उडीपासून मोजतात. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1944 मध्ये, लेफ्टनंट कार्टर हारमन आसामातल्या लालाघाटहून एक चिमुकलं सिकोर्स्की हेलिकॉप्टर घेऊन ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला गेला आणि एक वैमानिक व तीन जखमी ब्रिटिश सैनिक घेऊन आला. हेलिकॉप्टरात पायलटशिवाय एकाचीच जागा आणि त्या उकाड्यात इंजिनाला दम नाही, त्यामुळे एकेकालाच उचलत होता. युद्धात हेलिकॉप्टरने केलेली ही पहिली सुटका. आपल्या शाळेच्या पुस्तकात यातलं काही नव्हतं.

एका मुलीने त्याला विचारलं, बाकीचे दिवस तुम्ही काय करता. ‘आगी विझवतो,’ तो म्हणाला. गार्डमधले बरेच जण असेच आहेत, आठवडाभर अग्निशमन दलात, पोलिसांत नाहीतर रुग्णवाहिकेवर. मार्च 2018 मध्ये पश्चिम इराकमध्ये एचएच-60 कोसळून सात जण गेले. त्यांतले चार या विंगचे होते, आणि त्या चौघांतले दोघे न्यूयॉर्क शहराचे अग्निशामक. हे त्याने सांगितलं नाही, मी आधी वाचलेलं होतं. मुलांपुढे काढावं की नाही हे मला ठरवता आलं नाही, म्हणून गप्प बसलो.

बायकोचा नेहमीचा प्रश्न असा, की ही पोरांना फौजेत ओढायची वाट तर नाही? नियमाने नाही. कॅडेटवर कसलंही बंधन नसतं आणि बहुतेक जण पुढे भलतंच काहीतरी करतात. पण पंधराव्या वर्षी हेलिकॉप्टर दाखवल्यावर बंधन लागतंच कुठे? मला ते आवडतं आणि थोडं खुपतंही, आणि दोन्ही एकदमच.

संध्याकाळी पार्कात आमचा आपला सराव. कोसळलेल्या विमानातला बीकन रेडिओवर ओरडत असतो, तो शोधायचा. उपग्रहांनी जुनी 121.5 मेगाहर्ट्झची लहर ऐकणं 1 फेब्रुवारी 2009 पासून बंद केलं, आता 406 ची ऐकतात. पण अगदी जवळ गेल्यावर जुनीच कामाला येते. यंत्र नसेल तर साधी युक्ती: रेडिओ छातीशी धरून स्वतःभोवती सावकाश फिरायचं. आवाज सगळ्यात बारीक झाला की बीकन आपल्या पाठीमागे, कारण मधे आपलंच अंग आडवं आलेलं असतं. प्रत्यक्षात बहुतेक बीकन विमान जरा आपटून उतरल्याने नाहीतर दुरुस्तीत धक्का लागल्याने वाजतात. रात्री दोनला उठून जायचं आणि कुठल्याशा हँगरमधल्या धडधाकट विमानाचं बटण बंद करून यायचं. आमच्या मुलांनी टेबलाखाली लपवलेला बीकन शोधला आणि त्याच टेबलावरचा माझा चिवडाही.

रविवार

सकाळी एचसी-130 मधून समुद्रावर. पोटात दोन्ही कडांना लाल जाळीच्या सीट, कानात फोमचे बोळे, नाकात केरोसिनसारखा वास. किनारा मागे पडल्यावर विमान इतकं मंदावलं की आता पडतंय असं वाटावं. हेलिकॉप्टर पूर्ण ताकदीने पळतं आणि हे अवजड धूड जेवढं हळू उडता येईल तेवढं उडतं, तेव्हा कुठे दोघांची गाठ पडते, साधारण 110 नॉटला, म्हणजे ताशी 200 किलोमीटरच्या आसपास. पंखाखालून नळी सुटली. तिच्या टोकाला कापडी छत्रीसारखा गोल. मागून एचएच-60 नाकापुढची लांब दांडी रोखून आलं. मुलं पाळीपाळीने खिडकीशी. दांडीच्या वर काही फुटांवर हेलिकॉप्टरचा स्वतःचाच पंखा फिरतोय, आणि तो गोल वाऱ्यावर वरखाली डुलतोय. पहिल्यांदा हुकलं. दुसऱ्यांदा बसलं. दाराच्या खिडकीला नाक लावून बसलेली लोडमास्टर पुढे पायलटला सांगत होती, तिचा एक हात नकळत वरखाली हलत होता.

हे स्वच्छ उन्हातलं. 30 ऑक्टोबर 1991 च्या रात्री इथलंच एक हेलिकॉप्टर वादळात एका बोटवाल्याच्या मदतीला जाऊन परतत होतं. नळी त्या वाऱ्यात इतकी उसळत होती की काही केल्या जमेना. इंधन संपत आलं आणि पाचही जणांना अंधारात खवळलेल्या समुद्रात उतरावं लागलं. तटरक्षक दलाच्या ‘टॅमरोआ’ जहाजाने चौघांना काढलं. पीजे रिक स्मिथ सापडला नाही. हे ब्रीफिंगमध्येच सांगितलं होतं, म्हणून पहिल्यांदा हुकलं तेव्हा विमानात कोणी चेष्टा केली नाही. उतरल्यावर मात्र तिघांनी ओकारीच्या पिशव्या भरल्याची कबुली दिली.

परतीच्या वाटेवर स्मिथ पॉइंटला गाडी वळवली. 17 जुलै 1996 ला संध्याकाळी जेएफकेहून पॅरिसला निघालेलं टीडब्ल्यूए 800 विमान या किनाऱ्यासमोर हवेतच फुटलं. मधल्या टाकीत साठलेल्या इंधनाच्या वाफेने पेट घेतला होता. 106व्या विंगचं एक हेलिकॉप्टर नेमकं तेव्हा सरावाला हवेत होतं. त्यांनी तो आगीचा गोळा डोळ्यांनी पाहिला आणि सगळ्यात आधी तेच पोचले. 230 पैकी एकही जिवंत नव्हता. काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर नावं आहेत. मुलांनी ती वाचायला सुरुवात केली, मग एकाच आडनावाची लागोपाठची नावं आली तेव्हा वाचणं आपोआप बंद झालं. ‘मग ते गेले कशाला?’ खट्टू झालेल्या त्या ‘सुन्न’ मुलाने विचारलं. आमच्या म्हाताऱ्या सभासदाने सांगितलं, ‘पोचेपर्यंत कोणाला माहीत असतं?’

एडिसनला येईपर्यंत साडेआठ झाले. घरी सोडायच्या आधी ओक ट्री रोडवर सगळ्यांना वडापाव खायला नेलं. लेकीच्या कपाळावरचा ‘टी 12:10’ पार्कातल्या साबणाने गेलेला नव्हता. वेटरने पाणी ठेवता ठेवता विचारलं, हे काय. ‘मांडीची रक्तवाहिनी तुटली होती,’ ती म्हणाली, ‘चटणी जरा जास्त द्या.’